चेन पुन्हा काळी

१२ जानेवारी

मामा,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ऐकू येत नाही हे तू मान्य करत नाहीस. मग तू तिकडून ओरडतोस, मी इकडून ओरडते, आणि शेवटी आई फोन ओढून घेऊन विचारते, जेवलीस का? म्हणून पत्र. चष्मा लावून वाच.

प्रश्न साधा आहे. सायकलच्या चेनला कुठलं तेल घालायचं?

हसू नकोस! सायकलच्या दुकानात लहानाची मोठी झाले आणि हे मला माहीत नाही, म्हणजे दिव्याखाली अंधार, कबूल. पण तू कधी हात लावू दिलास? "तू गल्ल्यावर बस, हात काळे होतील." झाले आता काळे, आणि तेही नको त्या ठिकाणी.

मी काय काम करते ते पुन्हा सांगते, कारण तू गिऱ्हाइकांना 'पोरगी छापखान्यात आहे' म्हणून सांगतोस, असं आईने कळवलंय. छापखाना नाही रे. जुने फाटके कागद दुरुस्त करायची कार्यशाळा आहे. नकाशे, खरेदीखतं, कुणाच्या पणजोबांची पत्रं. आमच्या मुख्य बाई गळ्यात भिंग अडकवून फिरतात, म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना भिंगबाई म्हणतात. तिथे टेबलं पांढरी, भिंती पांढऱ्या. आणि मी रोज सायकल खांद्यावर घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरते, कारण रस्त्यावर ठेवली तर संध्याकाळी नुसतं कुलूप मिळतं. उतरताना चेन बाहीला घासते. गेल्या आठवड्यात त्या बाहीचा काळा पट्टा एका नकाशावर उमटला. समुद्राच्या बाजूला उमटला म्हणून त्यातल्या त्यात बरं. भिंगबाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मार्चअखेर तुमची उमेदवारी संपते. आणखी एक डाग दिसला, तर कायम करायचा विषय नाही."

म्हणजे एक डाग, की मी परत तुझ्या गल्ल्यावर. मला इथंच राहायचंय, मामा. हे काम मला येतं आणि आवडतं.

कपडे तिथे जाऊन बदल असं सांगू नकोस. जागा नाही आणि आत पिशवी न्यायला बंदी आहे. बसनं जा असंही सांगू नकोस. दोन बदलाव्या लागतात, त्यातली दुसरी येतच नाही. आधी डोक्याला लावायचं तेल घालून बघितलं, सध्या शिलाई मशीनचं घालते. लवकर कळव.

तुझी भाची

१७ जानेवारी

पोरी,

डोक्याला लावायचं तेल! चेनला! हे पत्र मी दुकानात वाचलं हे माझं दुर्दैव, कारण मी मोठ्यांदा 'अरे देवा' म्हणालो आणि दोन गिऱ्हाइकांनी काय झालं म्हणून विचारलं. काय सांगू त्यांना?

नीट ऐक. चेन बाहेरून झिजत नाही, कडीच्या आत, पिनेपाशी झिजते. तेल तिथे पाहिजे. बाहेर जे चमकतं ना, ते धुळीला दिलेलं आमंत्रण. अति तिथे माती, ही म्हण कुणीतरी चेनकडे बघूनच केली असणार. डोक्याचं तेल चार दिवसांनी डिंकासारखं चिकटतं. शिलाई मशीनचं इतकं पातळ, की दोन फेऱ्यांत उडून जातं. आणि कुणी तुला गंज सोडवायचा फवारा मार म्हणालं, तर त्याला दारात उभं करू नकोस. तो आत होतं नव्हतं ते सगळं धुऊन काढतो. सतत पावसात चालवणाऱ्याला जाड तेल, कोरड्या रस्त्यावर पातळ, आणि तुझ्यासारख्या पांढऱ्या टेबलवालीला मेण. पातळ केलेलं मेण बाटलीत येतं. लावल्यावर वाळतं, बोटाला काही लागत नाही. पावसात भिजली की पुन्हा लावायचं, एवढाच त्याचा त्रास.

बाटली पार्सलने पाठवतोय. पण आधी चेन काढ, रॉकेलमध्ये ब्रशने घास, मग साबणाच्या गरम पाण्यात धू, पूर्ण वाळव. मग एकेका कडीवर एकेक थेंब. पायडल उलटं फिरव, वाळू दे, वरचं पुसून टाक. पुसून टाक! आमच्या घराण्यात पुसायचा कंटाळा आहे, तो तुझ्या आईकडून तुझ्याकडे आलाय.

माझ्या जुन्या दोस्ताला, कंडक्टरला नमस्कार सांग. बसमधून निवृत्त झाल्यापासून तो खालच्या मजल्यावर बसून असतो. त्याच्या ओळखीनं तुला वरची खोली मिळाली, तेव्हा गोड बोल. पण काम मात्र काही सांगू नकोस. सांगितलेलं एक काम त्यानं जन्मात केलेलं नाही.

दुकान ठीक. गल्ल्यावर मीच बसतो आणि माझ्यावरच ओरडतो.

मामा

२ फेब्रुवारी

मामा,

तुझ्या मेणाचं काय करायचं ते सांग, नाहीतर बाटली परत पाठवते.

तू लिहिलंस तस्संच सगळं केलं. पुसलंसुद्धा! पहिले तीन दिवस चेनवर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. मी कार्यशाळेत सगळ्यांना बोट दाखवत फिरले, लोकांना वाटलं लागलंय. आणि सोमवारी सकाळी बघते तर चेन काळी कुळकुळीत, वर ओली. म्हटलं आपलंच काही चुकलं असेल. पुन्हा काढली, पुन्हा धुतली, पुन्हा मेण. शनिवारपर्यंत छान. आज सोमवार, आज पुन्हा तीच गत. रविवारी सायकल खाली जिन्यापाशी उभी असते, मी तिला हातही लावत नाही, सकाळभर बाहेर कपडे धुवायला असते. मग मेणाला रविवारीच घाम फुटतो का?

आज भिंगबाईंनी दारातच माझी बाही धरली आणि भिंग लावून बघितली. सगळ्यांसमोर! मी ती बाही कोपरापर्यंत दुमडून दिवसभर एका हाताने काम केलं.

कंडक्टरकाकांना तुझा नमस्कार सांगितला. माणूस गोड आहे. दर सोमवारी जिन्यात भेटतात आणि विचारतात, "काय म्हणते सायकल? लोण्यासारखी चालते ना?" आता त्यांना कुठे रडगाणं सांगत बसू. हो म्हणते. फार खूश होतात.

भाची

७ फेब्रुवारी

बये,

नाचता येईना अंगण वाकडं. बाटलीत दोष नाही. याच मेणावर इथले मास्तर, नर्सबाई, टपालवाला सगळे फिरतात. तक्रार करणारी तू पहिली.

काय झालं असणार ते सांगतो. तू चेन रॉकेलमध्ये चहात बिस्कीट बुडवावं तशी बुडवलीस आणि काढलीस. वरून स्वच्छ, आत जुनं तेल तसंच. रविवारी सायकल उभी राहते, तेव्हा ते आतलं तेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि तुझं मेण खाऊन टाकतं. सोमवारी काळी. साधा हिशोब आहे. इथे बसून मला दिसतो, तिथे उभी राहून तुला दिसत नाही. तीन वेळा रॉकेल बदल. रॉकेल जसं ओतलंस तसं स्वच्छ राहीपर्यंत घास. मग बोल.

आणि त्या बाईनं बाही धरली म्हणजे काय? माझ्या दुकानात कुणी तुझी बाही धरली नाही. नसेल जमत तर सोड ना. इथे गल्ला आहे, दुकानावरची तुझी खोली तशीच आहे, आणि काळी बोटं बघायला इथे कुणी भिंग घेऊन बसलेलं नाही.

आई म्हणते, हे शेवटचं लिहू नको. मी लिहिलं.

मामा

१६ फेब्रुवारी

मामा,

उंटावरून शेळ्या हाकणं आता पुरे.

तीन वेळा नाही, चार वेळा रॉकेल बदललं. खोलीला वास, पांघरुणाला वास, केसांना वास. हाताची साल निघाली. कडी अन् कडी कानकोरण्याने साफ केली, कुणी कधी केली नसेल अशी. शनिवारी चेन इतकी स्वच्छ होती, की मला तिच्याकडे बघून रडू आलं. आणि आज सोमवार. काळी!

घाईत मला दिसलं नाही. सायकल उतरवली, हात धुतले, कामाला बसले. अंगठ्याच्या नखाशी राहिलं असणार. एका पत्राच्या कडेला माझा अंगठा उमटला, मामा. एका म्हातारीनं आणलेलं, तिच्या वडिलांच्या हातचं एकुलतं एक पत्र. मी स्वतः भिंगबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी त्यावर काच ठेवली आणि म्हणाल्या, "पाच मार्चला बोलू." बस्स, तेवढंच.

आता एक विचारते, आणि खरं सांग. तुला मी परत यायला हवीच आहे ना? प्रत्येक पत्रात गल्ला, आता दुकानावरची खोलीही. जगभराच्या चेन तू नीट करतोस आणि माझीच कशी होत नाही? काय भरलंस त्या बाटलीत?

तुझ्या उत्तराची घाई नाही.

२५ फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा आईने वाचलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे घरात आता दोघी आहात माझ्याशी न बोलणाऱ्या, त्यातली एक तर घरात नाहीही.

हवी आहेस. खोटं कशाला बोलू? तू गेल्यापासून मला दुकानात करमत नाही. पण चेन बिघडवून पोरगी परत आणणारा मामा मी नाही. एवढं ओळखायला हवं होतंस. फार लागलं.

तुझ्या रागापायी मी त्याच खोक्यातली दुसरी बाटली काढली आणि माझ्या स्वतःच्या सायकलला लावली. आठवडाभर खडीच्या रस्त्यावर हाकली. शनिवारी स्वच्छ, रविवारी स्वच्छ, सोमवारीही स्वच्छ. मेणाला घाम फुटत नाही. आतलं तेल झिरपतं हे मी सांगितलं, ते चार वेळा धुतल्यावर शक्यच नाही. म्हणजे बाहेरून कुणीतरी घालतंय. म्हणून तुझी सगळी पत्रं परत काढून वाचायला घेतली. 'लोण्यासारखी चालते ना?' इथे आलो आणि कपाळावर हात मारून घेतला.

कंडक्टरला मी सांगितलं होतं. तू खोली घेतलीस त्या दिवशी, तू वर सामान लावत होतीस तेव्हा. म्हटलं, पोरगी एकटी आहे, लांब जाते, दर रविवारी तिच्या चेनला तेल घाल. तिला कळू देऊ नकोस, तिला मदत केलेली आवडत नाही. तो 'बरं' म्हणाला. हा माणूस चाळीस वर्षं प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणतो आणि काही करत नाही! मी विसरूनही गेलो. माझ्याशी बोलत नसली तरी आईनेच फोन लावून त्याला विचारलं, तर अभिमानानं म्हणतो, एकही रविवार चुकवला नाही. कुठलं तेल रे? तर म्हणे मोटारीतून काढलेलं जुनं. गॅरेजवाला देतो. आणि घालतो किती? "चांगलं सढळ हातानं."

म्हणजे नकाशावरचा डाग माझा, त्या म्हातारीच्या पत्रावरचा माझाच, आणि मी तुला पुसत नाहीस म्हणून शिव्या घालत बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी. काय बोलू? चुकलं माझं.

मी येतो आणि तुमच्या बाईंना सांगतो.

मामा

२५ फेब्रुवारी

मामा,

येऊ नकोस. मोठ्या अक्षरात लिहिते: येऊ नकोस!

तू येऊन काय सांगणार? 'हिच्या मामाच्या मित्राने मोटारीचं तेल घातलं'? चौथीतल्या पोराची सबबसुद्धा यापेक्षा बरी असते. अंगठा माझा आहे, पाच तारखेला मीच बोलेन.

बाटलीबद्दल लिहिलं ते मागे घेते. बाकीचा राग आहे तसाच आहे.

खाली भांडायलाच गेले होते. काकांनी दार उघडलं आणि माझ्या आधीच म्हणाले, "मामाला कळव हां, एकही रविवार चुकवला नाही म्हणावं." माझ्या तोंडचं भांडण तोंडातच राहिलं. शेवटी कसंबसं सांगितलं, काका, आता नका घालू, चेनला मेण लावते. ते म्हणाले, "काही चुकलं का? त्याचं एक काम आयुष्यात मनापासून केलं बघ." मी वर येऊन उशीवर बुक्क्या मारल्या. कुणावर रागवावं हेसुद्धा तुम्ही लोक धड ठेवत नाही.

भाची

१० मार्च

मामा,

येऊ नकोस म्हटलं की येऊ नये, असा एक साधा अर्थ त्या वाक्याचा होतो.

पाच तारखेला तू मला भेटायच्या आधी उधळलेल्या बैलासारखा सरळ कार्यशाळेत शिरलास. तेही माझी चेन सायकलवरून काढून, रुमालात गुंडाळून! मी मागच्या कपाटाआड होते. तिथे लोक कुजबुजतसुद्धा नाहीत, आणि तुझा आवाज! तुला वाटत होतं तू हळू बोलतोयस. बाहेरचा रखवालदार आत बघून गेला.

भिंगबाईंपुढे रुमाल पसरलास आणि चेनवर व्याख्यान दिलंस. अर्ध्या कड्यांवर मेण, अर्ध्यांवर काकांकडून आणलेलं तेच मोटारीचं तेल, हे बघा, हात लावा. मला वाटलं, आता या आपल्याला दोघांनाही बाहेर काढतात. आणि त्या भिंग काढून वाकून बघत बसल्या! पांढऱ्या हातमोज्याचं बोट आधी या अर्ध्यावर, मग त्या अर्ध्यावर. "मेण कुठल्या उष्णतेला सुटतं?" म्हणून विचारलं. तू सांगितलंस. त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, "ती परत आली तर तुमच्या दुकानाला बरंच होईल, नाही का?"

आणि तू म्हणालास, "हवीच आहे हो मला ती. पण डाग पडला म्हणून परत आलेली नको."

कपाटाआड मी काय केलं ते तुला सांगणार नाही. मग बाहेर आले, तर तू तोपर्यंत निघूनही गेला होतास, बस चुकेल म्हणून. मला न भेटता! याला काय म्हणायचं?

भिंगबाईंनी मला ते म्हातारीचं पत्र दिलं आणि म्हणाल्या, डाग काढा. काय वापरायचं ते सांगणार नाही, तुम्हीच शोधा. त्यात माझे दोन दिवस गेले. कागदाचा रंग न बदलता अंगठा निघाला. अगदी निरखून बघितलं तर एक फिकट रेघ दिसते. भिंगबाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, ही मालकिणीला तुम्ही स्वतः दाखवायची. दाखवली. म्हातारी म्हणाली, "मला एवढं बारीक दिसत नाही बाई, पण दाखवलंस ते बरं केलंस."

एक एप्रिलपासून मी कायम.

हे कागदावर लिहायला मला दोन दिवस लागले, कारण पुढचं वाक्यही लिहायचं होतं. मी आता परत येणार नाही, मामा. सुट्टीत येईन, आजारी पडलास तर धावत येईन, पण राहायला नाही. गल्ल्यावर माणूस ठेव. तू ज्याच्यावर ओरडणार नाहीस असा कुणी मिळेल असं वाटत नाही, पण बघ.

आणि पुढच्या वेळी येशील तर आधी मला भेट.

तुझी भाची

१६ मार्च

पोरी,

कायम झालीस. आईने पत्र शेजारीपाजारी सगळीकडे फिरवलं, आता त्यावर इतक्या बोटांचे डाग आहेत, की तुमच्या भिंगबाईंकडेच पाठवावं लागेल.

तुला न भेटता आलो कारण भेटलो असतो तर 'चल घरी' म्हणालो असतो. बस चुकणार नव्हती. पुढची एका तासाने होती.

कंडक्टरला मी पत्र टाकलंय, की माझं काम त्यानं चोख केलं, चूक सांगणाऱ्याची. ते पत्र तो जिन्यात सगळ्यांना वाचून दाखवतो, असं कळलं. दाखवू दे.

तू सांगितलंस म्हणून दुकानाच्या दारावर पाटी लावली. गल्ल्यासाठी माणूस पाहिजे. आतापर्यंत तिघं आले. एकाला सुट्टे मोजता येत नाहीत, एकाला वाटतं ट्यूब आणि टायर एकच, आणि तिसऱ्या बाई बऱ्या आहेत, पण फार हळू बोलतात, मला काय म्हणतात ते कळत नाही. त्यांनाच ठेवीन बहुतेक. आई म्हणते, तिला ठेव, म्हणजे तू तरी जरा कान देऊन ऐकशील.

काल टपालवाला चेनला मेण लावून घ्यायला आला होता. पाटी वाचून म्हणाला, हे कशाला? पोरगी येणार होती ना मार्चनंतर? इतके दिवस प्रत्येकाला मीच तसं सांगत होतो. हातातलं काम थांबवून त्याला म्हटलं, नाही, तिला तिथे कायम केलंय, ती आता येणार नाही.

त्याची चेन पूर्ण केली, वरचं पुसून दिलं. तो गेला आणि मी दुकानाचं दार अर्धं ओढून आत बसलो. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही, ते बरं झालं.

तुझा मामा